इतर

फॉर्मवर रकाने होते : गाय, म्हैस, शेळी, कोंबडी.
मी ‘इतर’वर खूण केली
आणि पुढच्या कोऱ्या ओळीत लिहिलं, वराह.
साहेब म्हणाले, म्हणजे काय?
मी म्हणाले, डुक्कर.
शेजारच्या खुर्चीतल्या बाईनं पदर नाकाला लावला,
नुसत्या शब्दाला.

देगलूरच्या अलीकडे, लेंडीच्या काठाला
आमचे साडेसतरा गुंठे.
चुनखडीचा तुकडा, ज्वारी कधी कमरेच्या वर गेली नाही.
तिथं मल्हारीनं खांब रोवले,
वर टिन, टिनावर तुराट्यांचा जाड थर,
कारण या जनावराला घाम येत नाही
आणि आमच्या मे महिन्याला दया.

परभणीच्या पाच दिवसांत मी एकच गोष्ट घोकली :
फरशीला उतार.
तीन हातांना दोन बोटं.
पाणी मुक्कामाला राहिलं की रोग मुक्कामाला येतो.
गवंडी म्हणाला, ताई,
माणसाच्या न्हाणीलाबी कुणी एवढं मोजून घेत नाही.

आई बाजेवरून बघत होती.
माझ्या बापानं, दुर्गप्पानं,
जन्मभर गटारातून काळी डुकरं फासली.
पहाटेचं ते ओरडणं गावभर जायचं,
आणि शाळेत, माझ्या बाकावर,
माझ्याआधी येऊन बसलेलं असायचं.
आई म्हणाली, ज्याच्यातून काढलं तुला,
तिकडंच निघालीस व्हय?
मी म्हणाले, ही पांढरी आहेत.
ती हसली. एकच दात राहिलाय तिचा,
तोही हसला.

टेम्पोतून आली तिघं, दोन माद्या, एक नर,
गोणपाटाखाली थरथरत.
उभी केली तर कानांतून ऊन आरपार,
आत निळ्या शिरा, पिंपळाच्या पानासारख्या.

उदगीरच्या डाळमिलची चुनी, मक्याचा भरडा,
मंगल कार्यालयातला उरलेला भात, उकळून,
दर वेळी उकळून.
वजनकाटा नाही,
म्हणून शिलाईच्या टेपनं छाती मोजते.
वहीच्या पुढच्या पानांवर गावातल्या बायकांची मापं,
मागच्या पानांवर यांची.
पानं चुकू नयेत म्हणून मध्ये खडू ठेवलाय.

तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस.
थोरली रात्री दोनला व्याली.
लाईट गेलेली, मल्हारीच्या हातात मोबाईल,
मी मोजतेय, सात, आठ,
आणि काठी टेकत आई आत.
आडवा बांबू बांधा भिंतीला, ती म्हणाली,
वीतभर सोडून, वीतभर वर.
आई लवंडली की लेकरं चेंगरतेत.
मला हे शिकवलं होतं.
मी लिहूनही घेतलं होतं.

सकाळी ती पुन्हा आली,
ओच्यात माळावरची तांबडी माती.
ढेकूळ टाकलं, पिल्लं चाटायला लागली.
तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, लोह कमी असतं यांना,
माती ठीक, पण इंजेक्शन लागतंच.
आई म्हणाली, सुई तुम्ही टोचा,
माती माझी.

विश्वंभर काकांनी पंचायतीत अर्ज दिला होता, वास येतो म्हणून.
कार्तिकात एकदा अंधार पडल्यावर आले.
दोन ट्रॉली खत हवं होतं, वांग्यांना.
रातच्याला टाक पोरी,
सकाळी लोकं बघायलेत.
टाकलं.
पैसे मात्र दिवसा घेतले, पारावर, मोजून.

अकरातलं एक गेलं.
बांबू बांधायच्या आधीच गेलं होतं बहुतेक,
अंधारात दिसलं नाही.
दहा आहेत. चौदा आचळं, तरी भांडतात पुढच्यासाठी.

फरशीच्या एका कोपऱ्यात पाणी अजून साचतं.
एवढं मोजून घेतलं, तरी बोटभर चुकलंच.
रोज उठल्यावर खराटा घेते,
आधी तो कोपरा.