कमरेचं माप

वाल्दिव्हियाच्या दवाखान्यात मी फक्त टेप धरते.
मंगळवारी, उपाशीपोटी, बेंबीच्या दोन बोटं वर.
श्वास सोडा, म्हणते. लोक नेमका तेव्हाच आत ओढतात.

बारा आठवड्यांचा प्रयोग. टोपलीत चिठ्ठ्या.
पिवळी निघाली तर पाऊण तास चालायचं,
बोलता येईल पण गाता येणार नाही, अशा चालीनं.
निळी निघाली तर पालिकेच्या जिमखान्यातली सायकल:
एक मिनिट जीव खाऊन, दोन मिनिटं निवांत,
पुन्हा जीव खाऊन. आठ वेळा. मग घरी.
चरबी कशानं जास्त उतरते ते बघू, डॉक्टर म्हणाले.

निबाल्दोला निळी आली.
तीस वर्षं मासळीबाजारात साल्मन चिरणारा माणूस,
बोटांना न जाणारा वास, पोट ॲप्रनच्या गाठीबाहेर.
दोन्या एर्मिंदांना पिवळी.
नवरा जाऊन सात महिने झालेले,
अजूनही दोघांपुरता पाव आणायच्या
आणि एकट्या संपवायच्या.

चरबी चढली की सगळं गाव बोलतं.
उतरलेली कुठे जाते, कोणी विचारत नाही.
निबाल्दोनं विचारलं. घामातून?
नाही, म्हटलं, बरीचशी तोंडावाटे. हवा होऊन.
तो खिडकीतून धक्क्याकडे बघत राहिला.
तिथे समुद्रसिंह ओल्या गाद्यांसारखे
एकमेकांवर लोळत होते, त्यानंच फेकलेली डोकी खाऊन,
आणि फूत्कारून वाफ सोडत होते.
"मग यांची का नाही जात?"

नवव्या आठवड्यात छातीच्या पट्ट्यांचे आलेख काढले.
निबाल्दोची रेघ काये-काये नदीसारखी, संथ.
दोन्या एर्मिंदांची करवतीच्या दातांची.
दोघांना समोर बसवलं.
दोघंही भिंतीवरच्या फुप्फुसाचं चित्र वाचायला लागले.

"पहिल्याच दिवशी, दाराबाहेर, बदलल्या," तो म्हणाला.
"छाती धडधडली की मला वाटतं मालक आला.
आणि चालताना, बाई,
पाऊण तास कोणी ओरडून भाव विचारत नाही."

त्या उशिरा बोलल्या.
"पाऊण तास फार लांब असतो.
नदीकाठानं निघाले की तो बरोबर यायला लागतो,
शेवटच्या दिवसांतला, काठी टेकत.
मग मलाच हळू चालावं लागतं.
सायकलवर त्या एका मिनिटात
कोणाचं नावसुद्धा मावत नाही.
पुढची दोन मिनिटं तो येतो. तेवढा झेपतो."

शेवटचं माप घेतलं.
त्याचे साडेतीन सेंटिमीटर, त्यांचे तीन.
बाकीच्यांचंही असंच, उन्नीस-बीस.
तराजूला चिठ्ठीचा रंग कळत नाही.
निळ्यातले सहा मध्येच गळाले, पिवळ्यातले सात,
एक तर टेपसकट गेला.
जे येत राहिले त्यांचं उतरलं.

या दोघांना डॉक्टरांनी तक्त्यातून वगळलं.
नियम म्हणजे नियम.
माझ्या वहीत मी त्यांच्या नावांवर काट मारली,
पेन्सिलीनं.

आता जून. सकाळी हात खिशात घालून कामावर येते
तेव्हा निबाल्दो काठावरून परत जात असतो.
हात करतो. तोंडासमोर पांढरं काहीतरी
क्षणभर थांबतं, विरतं.
वाफच ती, निव्वळ पाणी, मला माहीत आहे.
तरी ती विरेपर्यंत मी बघते.

आणि संध्याकाळी जिमखान्याच्या खिडकीखाली
चाकाची घरघर ऐकू येते, वाढत, वाढत, मग बंद.
माझी बस समोर उभी असते.
मी मनात मोजायला लागते,
एकशे वीसपर्यंत,
पुन्हा सुरू होईपर्यंत.