गुडघा धरून अकरा

वॉर्ड ऑफिससमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
टायपिंग तीस रुपये पान,
ऑनलाइन भरून हवं तर वर वीस.
त्या आठवड्यात नुसते कलाकारच येत होते;
वस्ती कला निधीची मुदत शुक्रवारी संपणार म्हणून.
आणि शुक्रवारी, शटर अर्धं ओढल्यावर,
वाकून आत आले सोनू भिकाजी धुमक,
टेंभीपाडा, भांडुप पश्चिम.

संस्थेचं नाव?
श्री वाघजाई नाच मंडळ.
स्थापना?
"दगडूची म्हैस गेली, त्याच्या आदल्या शिमग्याला."
मी १९८१ टाकलं.
म्हैस एवढी जुनी नसावी, पण त्यांनी मान हलवली.

माणसं बोटांवर मोजली,
दोनदा करंगळीपाशी अडली.
एक जण रात्रीचा वॉचमन, सोमवारचा मोकळा.
एकाचा गुडघा गेलाय, गळा आहे.
"अकरा लिही बाय. गुडघा धरून अकरा."

नवोपक्रम म्हणजे काय, त्यांनी विचारलं.
म्हटलं, पूर्वी करत नव्हतात असं काहीतरी.
बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
"आधी पायात चाळ बांधूनच घरातून निघायचो.
आता मोज्यात भरून नेतो.
खालच्या खोलीत तान्हं बाळ आहे."
रकाना पाचशे शब्दांचा होता.
मी एवढंच लिहिलं.

लाभार्थी कोण?
"बघायला येतात ते? का आम्ही?"
मला ठाऊक नव्हतं. निधीलाही नसावं.

मग हिशेब:
मृदंगाला नवं कातडं, शाईसकट.
टेम्पो, जाऊन-येऊन.
चाळांच्या अकरा जोड्या लिहिल्या तर म्हणाले,
"जोडी कशाला? एकाच पायात असतात."
निम्मे केले.
चहा अनुज्ञेय नाही, असं नियम सातमध्ये आहे.
"मग तालीम कशी होणार?"
चहाला मी 'तालीम साहित्य' केलं.
पाप असलं तर माझ्या नावावर.

जानेवारीत यादी लागली.
अनुक्रमांक चौतीस:
श्री वाघजाई वाचन मंडळ,
पुस्तके व कपाट, रुपये पंचवीस हजार फक्त.

वाचन.

माझी प्रत काढून पाहिली.
शुक्रवार, अर्धं शटर, डोळ्यांवर झोप.
नाचातला न शेवटी जाऊन बसला होता,
पुढे कुठलासा व.
चूक माझीच.
पण खाली सगळा मृदंग लिहिलेला होता, कातडं, शाई, टेम्पो,
आणि वाचनाला पैसे देणाऱ्यांनी
तो वाचला नव्हता.

दुरुस्तीला प्रतिज्ञापत्र, पाचशेचा बाँड,
आणि मंजुरी पुन्हा पहिल्यापासून, पुढच्या वर्षी, झाली तर.
हे सांगताना मी स्टेपलरमध्ये पिना भरत होते.
ते ओरडले असते तर बरं झालं असतं.
यादी चष्म्याजवळ धरली, लांब धरली, घडी घातली.
"मंजूर झालंय ना?
मग वाचू की."

दुसऱ्या दिवशी एक वही घेऊन आले,
त्यांच्या काकांच्या हातची, किराणाच्या खात्याची,
डाव्या पानावर उधारी, उजव्या पानावर गाणी.
अकरा प्रती काढल्या, स्पायरल बाइंडिंग, पक्की पावती.
डावी पानंही काढा म्हणाले,
माणसं कळतात त्यातून.
कपाट शाळेच्या व्हरांड्यात आलं, हिरवं, लोखंडी.
खालच्या कप्प्यात मृदंग झोपतो,
जुन्याच कातड्याचा, जरा बसक्या आवाजाचा.

मार्चअखेर उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचंय.
टाइप मीच करतेय, फुकट.

वाचकसंख्या: अकरा.
वाचनाची वेळ: सोमवार, रात्री साडेदहानंतर.
शेरा, असल्यास:
वाचक बसत नाहीत.
एक जण भिंतीला टेकून मोठ्यानं वाचतो,
बाकीचे त्याच्याभोवती फिरतात,
आणि प्रत्येकाच्या
उजव्या पायात
काहीतरी वाजतं.