यंत्रात अजून

ऐरोली पुलाच्या तोंडाशी हात आडवा आला.
हवालदाराने यंत्रात नंबर टाकला, मान हलवली.
"विमा संपलाय, मॅडम."

काल रात्रीच भरलाय हो,
पावणेबाराला, भांडी पालथी घालून.
मोबाईलवरची पावती त्याने बोटांनी मोठी केली,
पुन्हा यंत्राकडे पाहिलं.
"इथे दिसत नाही. चार दिवस लागतात."

मागचा टेम्पोवाला हॉर्नवरच बसलेला.

"गाडी कुणाची? पदाजी मढवी?"
"सासरे."
"लावा त्यांना फोन."

काचेवर त्यांनीच चिकटवलेली एकवीरा,
एक कोपरा सुटलेला.
मी म्हटलं, भाऊ, तुमच्या यंत्रात
विमा मेलाय आणि ते जिवंत आहेत.
नेमकं उलटं झालंय.

त्याने यंत्र खिशात घातलं.
"सावकाश जा,"
आणि टेम्पोवाल्यावर ओरडला.