कमांडर ट्रेगार्थनच्या कोंबड्या

आरमारात काटछाट झाली त्या वर्षी
कमांडर ट्रेगार्थन कॉर्नवॉलला परतला,
एक पेटी, एक दुर्बीण
आणि भरपाईच्या पैशांतून घेतलेल्या साठ कोंबड्या घेऊन.

तेराव्या वर्षी दर्यावर गेलेला माणूस.
दाणे कसे टाकायचे ते त्याला माझ्या आईने शिकवलं.

खुराडं उघडायचा घंटेच्या ठोक्यावर.
अंडी लिहायचा जहाजी नोंदवहीत:
वारा नैर्ऋत्य, समुद्र खवळलेला, अंडी एकेचाळीस.
गाव हसायचं. तोही हसायचा, जरा उशिराने.

माल्टातल्या खेचरांच्या शर्यतीबद्दल तो फार बोलायचा,
चीनच्या नद्यांबद्दल, एका हुकलेल्या बढतीबद्दल.
उत्तर समुद्राचं नाव निघालं
की पाइप साफ करायला घ्यायचा.

एका संध्याकाळी मोजणीत एकोणसाठच भरल्या.
पाऊस आडवा येत होता.
मी म्हटलं, कोल्ह्याने नेली असेल.
तो कंदील घेऊन निघाला.
कुंपण, ओढा, थेट कड्याच्या टोकापर्यंत
काळोखात एका कोंबडीला हाका.

पहाटे आला. हात रिकामे, बूट पाण्याने भरलेले.
चुलीपाशी बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
"थांबायचं नाही, असा हुकूम होता.
पाण्यात होते ते. आपलेच.
एकाला तर वाटलं, आम्ही त्याच्यासाठीच वळलोय.
हसला तो."

मग नोंदवही ओढून लिहिलं:
एक बेपत्ता. शोध घेतला.

'शोध घेतला'खाली त्याने रेघ मारली,
इतकी दाबून
की पुढच्या चार पानांवर
अंड्यांच्या आकड्यांमधून
ती अजून बोटाला लागते.