घसारा

घैसासांनी चष्मा कपाळावर सरकवला,
नोंद क्रमांक चारशे बारावर बोट ठेवलं:
"हे विकलं कुणी? आणि घेतलं कुणी?"

विकलं आम्हीच. घेतलंही आम्हीच.
पिरंगुटच्या शेडमध्ये रॉकेट बनवणारी कंपनी,
आणि बाणेरला दुसऱ्या मजल्यावर तिचीच लेक;
उपग्रह लेकीच्या नावावर.
आईनं लेकीला भाडं लावलं,
एका उपग्रहाचे नऊ कोटी चाळीस लाख.
लेकीकडे पैसे नव्हते,
म्हणून आईनंच ते उसने दिले, नऊ टक्क्यांनी.

"म्हणजे डाव्या खिशातलं उजव्या खिशात."
"खिसे दोन आहेत सर," मी म्हटलं, "पँट एकच."
"आणि पँट कुणाची?"
ती बँकेकडे तारण आहे.

निनाद पोतनीस गुंतवणूकदारांना सांगायचा,
नव्या मंगल कार्यालयात कोण येतं हो लग्न लावायला?
मालकानं पहिलं लग्न घरच्या मुलीचं लावावं.
लोक बघतील, लाइट जात नाही, जेवण पुरतं.
मग येतील.
(जेवण पुरलं. लोक अजून यायचेत.)

एकत्रित ताळेबंदात अशी विक्री पुसायची असते.
स्वतःला विकलेलं विकलेलं नसतं.
मी पेन्सिलीनं रेघ ओढली,
अडीच कोटींचा नफा गेला,
धूर नाही, आवाज नाही,
उलटी गिनतीसुद्धा नाही.
खर्च मात्र जागच्या जागी.
खर्चाला कुणी पुसत नाही.

दुपारी भोसरीहून तांबोळींचा फोन.
व्हॉल्व्ह त्यांचे. बिल एकशे चाळीस दिवसांचं.
"मॅडम, गेलं ना वर?"
"गेलं."
"नीट?"
"नीट."
थोडा वेळ त्यांच्या मागं लेथ फिरत राहिला.
"मग माझं बिल खाली कधी येतंय?"
मी मार्च म्हटलं. त्यांनी कुठला मार्च ते विचारलं नाही.
तेच मला जास्त लागलं.

याआधी एकवीस वर्षं मी पंपाच्या कारखान्यात होते.
तिथं लेथची किंमत दरसाल घटवत घटवत
एका रुपयावर आणून ठेवायचे मी,
आणि तो लेथ खाली खुशाल चालत असायचा.
घसारा म्हणजे कागदावर घासणं, एवढंच ठाऊक होतं.
इथं तो खरा लागतो.
पाचशे किलोमीटरवर हवा असते, नसल्यासारखी,
पण घासते.
रोज वितीवितीनं उंची कमी.
मी लिहिलंय: आयुष्य पाच वर्षं, सरळ रेषा पद्धत.
तो सरळ रेषेत पडणार नाही, हे मलाही कळतं.

घैसास अडले ते शेवटच्या रकान्यात.
मालमत्तेची प्रत्यक्ष पडताळणी.
"डोळ्यांनी पाहिलीत?"
नाही सर. दुधाच्या क्रेटएवढा आहे तो.
"मग मी सही कशावर करू?"

म्हणून पहाटे पावणेपाचला,
माकडटोपी घालून, काखेत फाईल धरून,
घैसास पिरंगुटच्या पत्र्यावर चढले.
शिडी मी धरली.
अँटेना कण्हत पश्चिमेकडे वळली.
आधी नुसती खरखर,
मग त्या खरखरीतून एक बारीक टिकटिक,
कुणीतरी दाराची कडी नखानं वाजवावी तशी.
रात्रपाळीची पोरगी कुजबुजली, "आपला."

सहा मिनिटं. मग डोंगरामागं गेला.

मी सवयीनं मनात हिशोब केला:
सगळं धरून अकरा कोटी, पाच वर्षं,
सहा मिनिटांचा घसारा
दोनशे एकावन्न रुपये.
आहेराच्या पाकिटात घालतात तेवढे.

घैसासांनी टोपी कानांवरून वर केली,
फाईल गुडघ्यावर टेकवली,
रकान्यात "पाहिली" छापलेलं होतं, ते खोडलं,
वर लिहिलं, "ऐकली,"
आणि सही करण्याआधी
पुन्हा एकदा डोंगराकडे बघितलं.