कासाळ्याचा उशीर

त्या गाण्याच्या तबकडीवर आमचं नाव नाही.
गायिकेचं आहे, मुंबईच्या कंपनीचं आहे,
खाली बारीक अक्षरांत ‘आणि वाद्यवृंद’.
तो वाद्यवृंद म्हणजे आम्ही सहा जण,
सावर्ड्याच्या धक्क्याला बांधलेल्या एका रिकाम्या बार्जच्या पोटात,
एकोणऐंशीच्या मार्चात, शनिवारी रात्री.

बार्जच का, तर लुदोविनला घुमारा हवा होता.
चर्चच्या हॉलमधून पाद्रींनी हाकललं होतं,
आणि खनिज उतरवल्यावर लोखंड जसं बोलतं
तसं लिस्बनमध्येसुद्धा काही बोलत नाही, म्हणायचा.
लिस्बन त्याने पाहिलं नव्हतं.

बँडचं नाव ‘रेड डस्ट’.
दुसरं सुचणार तरी काय?
आमच्या थुंकीचाही रंग तोच होता.

ड्रमवर एझेकिएल. दिवसा टिप्पर चालवायचा,
क्लच आणि बास-ड्रम एकाच रागाने दाबायचा.
ऑर्गनवर क्रिझांता, रविवारच्या मिसेला उशीर होईल
म्हणून पायात बूट घालूनच बसलेली.
आवेलिनचा ट्रंपेट आदल्या दिवशीच
कुणाच्या तरी मयतापुढे वाजून आलेला,
त्याचा भाऊ रॉक गिटारच्या तारा आवळत
मच्छरांना कोंकणीत शिव्या घालत होता.
आणि मी, वजनकाट्यावरचा कारकून म्हाबळू.
मला ते ‘किलो’ म्हणायचे.
चवथीच्या सुंवारीत मी कासाळं वाजवायचो,
म्हणून बोलावलेलं. त्यांची काऊबेल
धक्क्यावरून नदीत पडली होती, बस्स, एवढंच.

‘पहिल्या मात्रेवर सगळा माल भर,’ लुदोविन सांगायचा,
‘बाकीच्या तीन रिकाम्या ट्रकांसारख्या परत येऊ देत.’
हे मला कळलं.
आयुष्यात संगीतातलं एवढंच नीट कळलं.
त्याचा बास सुरू झाला की
बार्जच्या भिंतीवरचा गंज पापुद्र्यांनी गळायचा,
क्रिझांताच्या केसांत, टेपयंत्राच्या चाकांवर.

दुसऱ्या कडव्यानंतर कुठलीशी टग नदीतून गेली.
लाट आली. आम्ही सगळे
आजारी म्हशीसारखे एकदा वर, एकदा खाली,
आणि माझा टोला अर्ध्या मात्रेने उशिरा पडला.
मी हात वर केला. म्हटलं, परत घेऊ.
कंपनीचा माणूस घड्याळाकडे बघून म्हणाला, टेप महाग आहे.

तीनशे रुपये प्रत्येकी, आणि बियरचं एक खोकं.

नंतर ते गाणं हॉटेलांत गेलं, बोटींवर गेलं,
एझेकिएलच्याही आधी कुवेतला पोचलं.
क्रिझांताने एका पत्रात लिहिलं होतं,
इथल्या बेकरीतही लागतं, मी पाव घेऊन बाहेर येते.
खाणी बंद झाल्या. ती बार्ज
कापशेंच्या वळणावर चिखलात कलती पडलीय,
तिच्या पोटात आता बगळे असतात.

परवा कुडचड्याच्या हॉलमध्ये पुतण्याच्या मुलीचं लग्न.
डीजेने लावलं. तेच, पण तेही नव्हे.
परदेशातल्या कुणा पोराने त्यातल्या चार मात्रा कापून
गोल फिरत्या ठेवल्यात.
नेमक्या त्याच चार.
तीन मिनिटांत चव्वेचाळीस वेळा माझा उशीर
(मोजायची सवय, जात नाही)
आणि दोनशे माणसं त्या उशिरापाशी
एक पाय हवेत ठेवून थांबतात, मग टेकवतात.
नवरी घामाघूम होऊन आली, म्हणाली,
‘आजोबा, इथे मुद्दाम थांबलेत ना? काय भारी थांबलेत!’
मी म्हटलं, मुद्दाम.

दुसऱ्या दिवशी बसने काकोड्याला गेलो.
लुदोविनचा डावा हात आता मांडीवर नुसता ठेवलेला असतो,
कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा.
सगळं सांगितलं. लग्न, पोरगा, चार मात्रा.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग विचारलं, ‘किलो, पयली मात्रा तरी जाग्यार आसा मरे?’
आहे, म्हटलं. पूर्ण भरलेली.
तो खिडकीकडे वळला.
‘आनी त्या खोक्यांतली एक बाटली
तुवें चड घेतिल्ली,’ म्हणाला.