एक हजार आठशे चाळीस

मुजमहुड्याच्या मागल्या गल्लीत, दुपारी पावणेतीनला,
टॅबमध्ये चार्जिंग एकोणीस टक्के,
यादीतलं अकरावं घर: मोहिते, शरयू, वय एकोणसाठ.

भिंत? पक्की.
छत? पुढं स्लॅब, मागं पत्रा.
असा पर्याय नाही, मावशी. जास्त कोणतं, तेवढंच सांगा.
त्या वर बघत राहिल्या,
जणू इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
छताला विचारत होत्या, तू जास्त कोण आहेस.

खोलीची व्याख्या मला पाठ आहे:
चार चौरस मीटर, उभं राहता येईल एवढी उंची,
चारी बाजूंनी भिंत.
माझं लहानपण या व्याख्येत बसत नाही,
पण तो पत्ता माझ्या यादीत नाही.

स्वयंपाकघर वेगळं?
"वेगळं, वेगळं," त्या झटकन म्हणाल्या
आणि कपाटाकडं हात केला.
लोखंडी, आरशाचं, पाठ गॅसकडं.
कपाटाच्या डोक्यापासून खिळ्यापर्यंत
ताणून बांधलेली मोरपिशी साडी.
पलीकडं कढीला आधण येत होतं,
बडोद्याची कढी, गुळाचा खडा घातलेली.
मी "होय"वर बोट ठेवलं.

"हे सगळं जातं कुठं?"
दिल्लीला. तिथं तक्ते होतात.
बडोदा, सुरत, पुणे, नागपूर, लखनौ
शेजारी शेजारी मांडतात.
कुणाकडं किती खोल्या, नळ घरात की दारात,
न्हाणी आपली की चौघांत.
"मग सुरत पुढं असेल."
माहीत नाही.
"असणारच. नणंद उधन्याला असते माझी. तोराच तसा आहे."

"आणि एवढ्या गावात माझंच घर कसं?"
चिठ्ठी निघाली. तुमचं हे एक घर
एक हजार आठशे चाळीस घरांच्या वतीनं बोलतं.
हे मी सगळ्यांना सांगते. बहुतेक हसतात.
एकानं विचारलं होतं, मग रेशन पण तेवढ्यांचं देणार का.

मावशी हसल्या नाहीत.
उठून गॅस बंद केला,
पदराला हात पुसत परत आल्या,
ओठ हलत होते, काहीतरी मोजत असाव्यात.
"अठराशे चाळीस बायका," म्हणाल्या,
"आणि मी सांगून बसले, सगळ्यांच्या चुलीपुढं भिंत आहे?"

बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"खोड ते. नाही लिही ना, बेन.
माझं कपाट माझ्यापुरती भिंत.
त्यांच्याकडं कपाट तरी आहे का, मला काय ठाऊक."

मी मागं गेले. टॅबनं विचारलं:
उत्तर बदलायचं, नक्की?
मी तेच तोंडानं विचारलं.
"नक्की."
मग जरा थांबून, हळू आवाजात:
"त्या तक्त्यात नाव असतं का गं? नणंदेला कळेल."
नाव नसतं, मावशी.
"मग हरकत नाही."

निघताना चपला घालायला वाकले
तेव्हा कपाटाच्या दारावर दिसली,
गुडघ्याएवढ्या उंचीवर, गंजाची आडवी रेघ.
विश्वामित्री तिथपर्यंत आत येऊन गेली होती.
कुठल्या वर्षी, ते विचारलं नाही.
पुराचे प्रश्न पुढच्या फेरीत आहेत म्हणतात.

आठ महिन्यांनी तक्ता आला.
वेगळं स्वयंपाकघर असलेली घरं:
बडोदा सुरतेच्या मागं,
एका टक्क्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यानं.
साहेबांनी लाल पेन्सिलीनं गोल केला.
मागच्या वेळी आपण वर होतो, खाली कसे आलो? तपासा.

मी तपासलं.
अकरावं घर उघडलं, उत्तर पाहिलं, वेळ पाहिली:
तीन वाजून चार मिनिटांनी बदललेलं.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, आकडा बरोबर आहे.
खाली सही, तारीख.

बोलण्याआधी त्यांनी गॅस बंद केला होता,
कढी उतू जाऊ नये म्हणून.
रकान्यात तेवढं मावलं असतं.
मी लिहिलं नाही.